मदत हवी आहे: लूप कळतो, इफ-एल्स कळतं, पण प्रॉब्लेम समोर आला की काहीच सुचत नाही

कोरी_पाटी
व्हेरिएबल, लूप, इफ-एल्स, फंक्शन, सगळे व्हिडिओ बघून झाले. बघताना कळतं. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वाचला तर तोही कळतो. स्वतः लिहायला बसलं की काही म्हणजे काही सुचत नाही. आत्ताचंच बघा, यादीतली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या काढायची आहे. इतकं साधं! लिहिला, माझ्याकडे नीट चालला, साइटवर टाकला तर ५ पैकी १ टेस्ट केस (साइट स्वतः देऊन बघते ते इनपुट) पास. कुठे बिनसलंय ते साइट सांगत नाही, नुसतं 'राँग ॲन्सर'.
लॉजिक कसं वाढवायचं? कृपया 'सराव करा' म्हणू नका, ऐकून ऐकून कान किटलेत. परवा परीक्षा आहे, लवकर सांगा.

निशाचर
भाषा कोणती? कोड कुठाय?

कोरी_पाटी
भाषेचा काय संबंध? अडचण लॉजिकची आहे. पायथन.

बिनधास्त
सॉर्ट मारा (चढत्या क्रमाने लावा), शेवटून दुसरी संख्या घ्या. दोन ओळी. विषय संपला.

जुना_खोड
पायथन हेच मूळ दुखणं आहे. नव्या मुलांना सगळं आयतं मिळतं, मग डोकं चालणार कसं? सी शिका. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास केलेली भाषा आजही ऑपरेटिंग सिस्टिम चालवते. मेमरी, पॉइंटर, ॲरे, सगळं स्वतःच्या हाताने करावं लागतं. सी आली की लॉजिक आपोआप येतं.

तिरकस
काका, परवा परीक्षा आहे तिची. पॉइंटर शिकेपर्यंत निकालही लागेल. हलके घ्या.
@कोरी_पाटी, 'माझ्याकडे चालला' म्हणजे कुठल्या संख्या देऊन?

कोरी_पाटी
३ ७ ९ दिल्या, ७ आलं. २ ४ ६ ८ दिल्या, ६ आलं. बरोबरच आहे की.
@बिनधास्त, यादी = यादी.सॉर्ट() केलं आणि पुढच्या ओळीवर 'नन टाइप' असं काहीतरी लाल अक्षरात आलं.

बिनधास्त
सॉर्ट() आहे ती यादीच जागेवर लावतं, परत काही देत नाही. डावीकडे ठेवलेल्या यादीत नन, म्हणजे 'काहीच नाही', जाऊन बसतं. सॉर्टेड(यादी) वापरा, ते नवी यादी देतं.

निशाचर
दोन्ही वेळा चढत्या क्रमानेच संख्या दिल्यात. ९ ७ ३ देऊन बघा. ३ ९ ७ पण. आणि कोड टाका हो, हवेत तीर मारायला लावू नका.

कोरी_पाटी
९ ७ ३ ला ९ येतंय!! ३ ९ ७ ला ३ येतंय. म्हणजे सगळंच चुकलं?
मोबाइलवरून लिहितेय, कोड मराठीतच टाकते (यादी[०] म्हणजे यादीतली पहिली संख्या):

यादी = इनपुट().स्प्लिट()
मोठी = यादी[०]
दुसरी = यादी[०]
यादीतल्या प्रत्येक संख्येसाठी:
    जर संख्या > मोठी:
        दुसरी = मोठी
        मोठी = संख्या
प्रिंट(दुसरी)

सौदामिनी
सगळं चुकलेलं नाही. 'नवी मोठी सापडली की जुनी मोठी दुसऱ्या क्रमांकावर सरकते' हे तुम्हाला सुचलंय, आणि या प्रश्नातली निम्मी गोष्ट तीच आहे. आता कीबोर्ड बाजूला ठेवा, कागद घ्या. ३ ९ ७ साठी ड्राय रन करा, म्हणजे प्रोग्राम एकेक पायरीने हाताने चालवून बघा. कॉलम तीनच: संख्या, मोठी, दुसरी.

सुरुवात: मोठी ३, दुसरी ३
३ आला: मोठी ३, दुसरी ३
९ आला: मोठी ९, दुसरी ३
७ आला: मोठी ९, दुसरी ३

शेवटची ओळ बघा. ७ आला आणि तुमच्या प्रोग्रामने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. का?

कोरी_पाटी
कारण ७ > ९ नाही. पण ७ दुसरा आहे हे तर दिसतंच ना.

सौदामिनी
'दिसतंच' इथेच अडकलंय. तुमच्या नजरेला अख्खी यादी एकदम दिसते, म्हणून उत्तर विचार न करता सापडतं. मग प्रोग्राम लिहिताना 'काहीच सुचत नाही' असं वाटतं, कारण आपण उत्तर कसं काढलं ते आपल्यालाच ठाऊक नसतं. लूपला एका वेळी एकच संख्या दिसते. मागची गेली, पुढची अजून आलेली नाही.
म्हणून असं करा. कोणाला तरी आठ-दहा संख्या एकेक करून मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही लिहायचं नाही, मागची परत विचारायची नाही. शेवटी दुसरी मोठी सांगायची. ऐकताना मनात काय धरून ठेवावं लागतंय बघा, ते तुमचे व्हेरिएबल. नवी संख्या ऐकल्यावर मनात काय बदलताय आणि कधी, ते तुमचे इफ. कोड त्यानंतर.

तिरकस
+१. धागाकर्तीने विचारलेल्या प्रश्नाला पहिलं उत्तर आत्ता मिळालं.

कडक_चहा
मलाही प्रोग्रामिंग शिकायचं आहे. लॅपटॉपला ८ जीबी रॅम पुरेल का १६ घ्यावी? ग्राफिक्स कार्ड लागेल का?

निशाचर
यादीतल्या तीन संख्यांसाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वेगळा धागा काढा.

फ्लोचार्टवाला
फ्लोचार्ट काढायची सवय गेली म्हणून ही वेळ आली. समभुज चौकोनात अट, आयतात क्रिया, समांतरभुज चौकोनात इनपुट-आउटपुट. चौकोनातून 'हो' आणि 'नाही' असे दोन बाण निघालेच पाहिजेत. तुमच्या अटीचा 'नाही'चा बाण कुठे जातो? कुठेच नाही. फ्लोचार्ट काढला असता तर ते रिकामं टोक डोळ्यांवर आलं असतं.

सौदामिनी
फ्लोचार्टच्या मी फारशी प्रेमात नाही, लूप दोन-तीन झाले की कागदावर नुसतं जाळं होतं. पण इथे मुद्दा चोख आहे. 'नाही' झालं तर काय, हे प्रत्येक इफला विचारायचं.

कोरी_पाटी
मैत्रिणीला संख्या वाचायला लावल्या. मनात दोन धरत होते. नवी मोठीपेक्षा मोठी असेल तर दोन्ही बदलायच्या. मोठीपेक्षा मोठी नसेल पण दुसरीपेक्षा मोठी असेल तर फक्त दुसरी बदलायची! ही दुसरी अट लिहिलीच नव्हती. घातली. ३ ९ ७ ला आता ७ येतं. पण ९ ७ ३ ला अजून ९च. वैताग.

निशाचर
सुरुवातीला दुसरी = यादी[०] म्हणजे ९. मग ७ > ९ नाही, ३ > ९ नाही. दुसरीची सुरुवातच इतकी उंच झाली की तिच्यावर कोणी चढू शकत नाही.

बिनधास्त
दोन्हीची सुरुवात ० ने करा.

तिरकस
आणि यादी -४ -९ -२ असली तर? उत्तर ० येईल, जो यादीतच नाही. साइटवाले ही टेस्ट हमखास ठेवतात.
कुठल्याही संख्येपेक्षा लहान असं काहीतरी हवं. पायथनमध्ये फ्लोटला (दशांश संख्येचा प्रकार) '-इन्फ' ही स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) दिली की उणे अनंत मिळतं. दोन्हीची सुरुवात त्याने करा.

जुना_खोड
सीमध्ये आयएनटी_मिन वापरतात, म्हणजे इंटमध्ये (पूर्णांकात) बसणारी सर्वांत लहान संख्या. इंट किती मोठा, किती लहान, हे तिथे माहीत असावंच लागतं. म्हणून म्हणतो.

कोरी_पाटी
उणे अनंत घातलं तर आता चालतच नाही!! स्ट्रिंग आणि फ्लोट यांची तुलना होत नाही म्हणतंय. आधी निदान चालत तरी होतं.

तिरकस
ही एरर आली ते उत्तम झालं. पहिल्यापासून लपलेली गोष्ट बाहेर पडली. जुन्या कोडला ५ १२ ८ दिलं असतं तर ५ आलं असतं, आणि ते दुसऱ्याच कारणाने. इनपुट() नेहमी स्ट्रिंग देतं, स्प्लिट() त्याचे स्ट्रिंगचेच तुकडे करतं. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. तिथे '१२' हे '५' च्या आधी येतं, म्हणजे लहान ठरतं. तुम्ही एकअंकी संख्याच देऊन बघितल्या म्हणून कळलं नाही. प्रत्येक तुकड्यावर इंट() चालवा.
आणि हो, @बिनधास्त, तुमच्या दोन ओळींनाही या स्ट्रिंगच्या यादीवर ५च मिळतं.

बिनधास्त
मी इंट गृहीत धरलं होतं. एवढं तर कोणीही करतं.

तिरकस
'एवढं तर कोणीही' यातच चार टेस्ट केस गेल्या.

रानवारा
अवांतर: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव खरंच देवनागरीत देता येतं. 'मोठी', 'दुसरी' चालतात. इफ, फॉर हे शब्द मात्र इंग्रजीच. आणि गंमत म्हणजे इंट() ला देवनागरीतल्या अंकांची स्ट्रिंग दिली तरी ते बरोबर संख्या करून देतं.

जुना_खोड
असले लाड सीमध्ये नव्हते. आम्ही नीट शिकलो.

रानवारा
आणि तुमच्या काळाच्या आधी १९६४ साली डार्टमथ कॉलेजात बेसिक ही भाषा काढली, तीही नवशिक्यांना सोपं जावं म्हणूनच. तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेल, असले लाड नकोत.

कोरी_पाटी
भांडा नंतर. इंट केलं, ५ पैकी ४ पास!! आता शेवटची एक. त्यात काय असेल?

सौदामिनी
प्रश्न शब्दशः इथे टाका. तुम्ही दिलेलं 'दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या' हे तुमच्या शब्दांत आहे. यादी ९ ९ ७ असेल तर उत्तर काय हवं, ९ की ७?

बिनधास्त
९. सॉर्ट केल्यावर शेवटून दुसरा ९च.

फ्लोचार्टवाला
७. पहिला क्रमांक दोघांनी वाटून घेतला, पुढचा ७.

निशाचर
दोघंही बरोबर असू शकता, म्हणून तर प्रश्न वाचायला सांगतायत.

कोरी_पाटी
'यादीतील वेगवेगळ्या संख्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाची सर्वांत मोठी संख्या छापा. यादीत कमीत कमी दोन वेगळ्या संख्या असतील.' हे आहे.

सौदामिनी
'वेगवेगळ्या'. आता तुमच्या कोडचा ९ ९ ७ वर ड्राय रन करा. दुसरा ९ आला की काय होतं?

कोरी_पाटी
९ > ९ नाही. मग दुसरी अट, ९ > उणे अनंत, हो. दुसरी = ९. अच्छा. दुसऱ्या अटीत 'आणि संख्या मोठीएवढी नसेल तर' घालते.
...
झालं!!! ५ पैकी ५.

बिनधास्त
सॉर्टेड(सेट(यादी)) केलं असतं तर हेच एका ओळीत झालं असतं. सेटमध्ये पुनरावृत्ती राहत नाही.

सौदामिनी
झालं असतं, आणि रोजच्या कामात मीही तेच लिहीन. पण ती लॉजिक विचारतेय. परीक्षेत 'यादी एकदाच फिरून काढा, सॉर्ट वापरू नका' असं आलं तर?

एआय_प्रेमी
इतका वेळ घालवलात. चॅटबॉटला विचारलं असतं तर दहा सेकंदांत कोड मिळाला असता.

निशाचर
कोड मिळाला असता. ९ ७ ३ द्यायचं कोणी सुचवलं असतं?

एआय_प्रेमी
तेही विचारलं की सांगतो.

निशाचर
'विचारलं की' हेच म्हणतोय.

तिरकस
बरं, @कोरी_पाटी, परवासाठी एवढंच: कोड लिहायच्या आधी इनपुट लिहून ठेवा. उतरता क्रम, सगळ्या सारख्या, उण्या, दोनअंकी, अगदी लहान यादी. प्रत्येकाचं उत्तर हाताने काढा, मग कोडकडे वळा. मुरलेल्या लोकांच्याही हातून निसटतं. जावा भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं) कित्येक वर्षं चूक होती, २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीर केली. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून २ ने भागत होते. यादी प्रचंड असली की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या इंटच्या मर्यादेपलीकडे जाऊन उणे व्हायची. लहान यादीवर कधी दिसलीच नाही.

जुना_खोड
सी शिकलेल्याला ही मर्यादा पाठ असते.

तिरकस
काका, ब्लॉक यांनी त्याच लेखात सीचाही उपाय दिलाय. तिथेही हीच चूक होते.

कोरी_पाटी
सगळ्यांचे आभार, विशेषतः सौदामिनीताई. आता पुढचा प्रॉब्लेम, स्ट्रिंग उलटी करून तीच येते का बघायचं. माझं 'फॉल्स' येतंय, यायला 'ट्रू' पाहिजे. काय चुकलं असेल?

निशाचर
कुठल्या इनपुटला?

कडक_चहा
लॅपटॉपचं कोणी सांगितलंच नाही.