सांगलीत तळमजल्यावर भाड्याचं घर घेताना पुराचं काय काय बघायचं?

बदलीवाली
जूनपासून सांगलीत बदली आहे. सासूबाईंना जिना चढवत नाही, त्यामुळे तळमजलाच हवा. तीन जागा उरल्यात: एक गावभागात मारुती चौकापासून जवळ, एक शामरावनगरला आणि एक विश्रामबागेत, पण तिचं भाडं बरंच जास्त आहे. गावभागातले मालक म्हणतात, "आपल्याकडे पाणी येत नाही हो, २०१९ सारखा पूर आला तरच." शामरावनगरचे म्हणतात, नदी लांब आहे. यांना नेमकं विचारायचं काय, घरात बघायचं काय, आणि घेतलंच तर पावसाळ्याआधी काय करून ठेवायचं? "काळजी घ्या" एवढंच नको, तपशील सांगा.

गावभागकर
ताई, "पाणी येतं का" असं मालकाला विचारूच नका. "आयर्विनला किती फूट झालं की तुमच्या पायरीला पाणी लागतं?" असं विचारा. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, नदीची पातळी तिथे मोजतात. नदीकडच्या जुन्या सांगलीत हा आकडा घरोघरी पाठ असतो. मालक आकडा सांगत नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा. साखरेची पोती माळ्यावर कधी चढवायची हे त्याला ठरवावंच लागतं, तो बरोबर सांगेल.

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडचा सखल भाग इथे चाळिशी गाठायच्या आतच हालचाल सुरू होते. मोठे पूर तीन लक्षात ठेवा: २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५४ च्या वर. म्हणून "२०१९ सारखा आला तरच" हे उत्तर पुरं नाही. पुढचा प्रश्न विचारा, "मग २०२१ ला पाणी कुठवर होतं?" २०२१ ला पायरी कोरडी असेल तर त्या घराचा आकडा ५४ च्या पुढचा आहे, गावभागाच्या मानाने ते चांगलं घर. २०२१ लाही घरात पाणी असेल, तर २००५ चं विचारायची गरज नाही, सोळा वर्षांत ते बहुतेक तीनदा बुडालंय.

घरात गेल्यावर नव्या रंगाकडे बघू नका. दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग नखाने दाबून बघा, पाणी पिऊन गेलेलं लाकूड मऊ लागतं. खालची बिजागरी वरच्यापेक्षा जास्त गंजलीय का, गिलावा कंबरेपर्यंतच नवा केलाय का, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची पाठची प्लाय फुगलीय का, हे बघा. मीटर मुद्दाम छातीच्या वर नेऊन बसवलेला दिसला तर मालकाला अनुभव आहे आणि त्याने शहाणपणही केलंय. तो घराचा दोष समजू नका.

हरिपूर रस्ता
वरच्या आकड्याचा वापर कसा करायचा ते सांगतो. "पायरीच्या आकड्यातून आठ वजा" हा एक टप्पा आणि "चार वजा" हा दुसरा. पायरी ५२ ची असेल तर ४४ ला सामान चढवायला लागायचं, ४८ ला माणसं बाहेर. तुमच्याकडे वयस्क बाई आहेत, त्यांना पहिल्याच टप्प्यावर हलवा. रस्त्यावर गुडघाभर पाणी झालं की त्यांना उचलून न्यायला चार माणसं लागतात, आणि ऐन वेळी ती मिळत नाहीत.

नुसता आकडा बघू नका, चढण्याचा वेगही बघा. दर तीन तासांनी पातळी लिहून ठेवा. तासाला अर्धा फूट चढत असेल तर आठ फुटांना सोळा तास मिळतात, आणि त्यातली रात्र वजा करा.

कोयना धरणातून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि तिथून सांगलीला. धरणापासून इथवर एक ते दीड दिवस धरून चाला. पण कोयनेचा विसर्ग कमी झाला म्हणून निर्धास्त राहणं ही नेहमीची चूक. धरणाखालच्या पाणलोटात पडणाऱ्या पावसावर कुणाचा दरवाजा नाही. शिवाय सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणेवरच्या चांदोली धरणातून विसर्ग वाढून वारणा फुगली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही, आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगाही भरलेली असते. त्यामुळे शहरात ऊन पडलंय आणि पाणी चढतंय असं होतं. कोयना, चांदोली आणि आयर्विन हे तीनही आकडे एकत्र वाचा.

शंभरफुटी
शामरावनगरबद्दल. तिथला रोजचा त्रास नदीचा नाही, पावसाचा आहे, त्यामुळे आयर्विनचा आकडा तिथे पुरेसा नाही. भाग सखल, माती काळी, पाणी मुरत नाही, आणि निचऱ्याच्या जुन्या वाटांवर प्लॉट पडलेत. आयर्विनला वीस फूट असतानाही गल्लीत पाणी साचून राहू शकतं.

घराची जोत्याची उंची रस्त्याच्या मध्याच्या तुलनेत मोजा. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, पाणी भरा, एक टोक रस्त्याच्या मध्यावर, दुसरं उंबऱ्याशी. दहा मिनिटांचं काम आहे. उंबरा रस्त्यापेक्षा निदान दीड फूट वर हवा. बरोबरीत असेल तर घर सोडून द्या, कारण रस्ता पुढच्या डांबरीकरणात अजून वर येणार.

माझं ठाम मत आहे की या शहरात जुना थर न खरवडता नवा थर टाकणं बंद झालं पाहिजे. एकेका थराने रस्ता दोन-तीन इंच चढतो, आणि बांधताना उंच असलेली घरं काही वर्षांत खड्ड्यात जातात. नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, काम सुरू व्हायच्या आधी गल्लीने मिळून खरवडण्याची लेखी मागणी करायला हवी.

वायरमन_मिरज
घर कुठलंही घ्या, मालकाकडून एवढं आधी करून घ्या. खालच्या प्लगांची आणि मोटरीची लाइन वेगळ्या एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच), दिवे-पंख्यांची वेगळी. म्हणजे पाणी जवळ आलं की खालचं बंद करून दिव्यात सामान आवरता येतं. उंबऱ्याला पाणी लागलं की मात्र मेन स्विच बंद. इन्व्हर्टरची लाइनही तोडा, हे लोक हमखास विसरतात. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर बोर्डात करंट देत राहतो. बॅटरीच्या वायरी काढून ती उंचावर ठेवा.

मोनोब्लॉक मोटर (मोटर आणि पंप एकत्र असलेली) काढायला पायाचे चार नट, पाइपच्या जोडाचे दोन युनियन आणि वायर, एवढंच असतं. मे महिन्यातच नटांना ग्रीस लावून ठेवा, नाहीतर ऐन वेळी गंजलेला नट फिरत नाही. तरीही मोटर बुडालीच तर चालू करून बघू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन वाइंडिंगवाल्याकडे वाळवायला द्या, बेअरिंग बदला, मेगरवर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) निदान एक मेगाओम आल्याशिवाय जोडू नका. फ्रिज, वॉशिंग मशीनलाही हेच.

आणि एक, पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं. ड्रेनेज उलटं भरतं आणि कमोडमधून मैला वर येतो. प्लास्टिकच्या जाड पिशवीत वाळू अर्धी भरून, तोंड घट्ट बांधून ती कमोडमध्ये आणि न्हाणीच्या जाळीवर दाबून बसवा. प्रत्येक तोंडाला एक पिशवी. सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून खिडकीच्या गजाला बांधा, रिकामा असेल तर तरंगत फिरतो.

बदलीवाली
खूप उपयोग होतोय. गावभागातल्या घराची पायरी दुकानदाराने ५३ सांगितली, चौकटही खाली मऊ लागली. त्या घरात खाली हौद आहे. पाणी येऊन गेल्यावर त्याचं आणि गाळाचं काय करायचं?

गावभागकर
५३ म्हणजे तीनही पुरांत पाणी आत आलं होतं. भाड्यातला फरक आणि एकदाच्या पुरात जाणारं सामान शेजारी शेजारी लिहून बघा. मी असतो तर सासूबाईंसाठी विश्रामबागच घेतली असती.

तरी विचारलंय म्हणून सांगतो. गाळ पाणी उतरत असतानाच काढायचा. घोटाभर पाणी शिल्लक असताना खराट्याने ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. कोरडा झाला की फावड्यानेही निघत नाही. पण त्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, सामानाचे फोटो काढा. पंचनाम्याला ते लागतात, आणि भाडेकरूला तिथे राहत असल्याचा पुरावाही लागतो, त्यामुळे भाडेकराराची प्रत कोरड्या जागी हवी. भिंती पूर्ण सुकल्याशिवाय रंग देऊ नका, फुगून पडतो.

हौद पूर्ण उपसा, भिंती ब्रशने घासा, ते पाणी टाका. मग स्वच्छ पाण्याने भरून दर हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, अर्धा तास बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी तेवढं हौदात ओता. त्यातलं थोडं पाणी वरच्या टाकीत चढवून सगळे नळ वास येईपर्यंत सोडा आणि बारा तास तसंच ठेवा. हे पाणी पिण्याचं नाही, सगळं काढून टाकायचं. पुन्हा भरल्यावरही काही दिवस उकळूनच प्या. गेल्या वर्षीची उघडी पावडर वापरू नका, तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं.