दावाओमध्ये मुलाच्या शेजारी मॉर्मन पोरं राहायलेत, कुणाला माहिती आहे का?

उदगीरची आई

नमस्कार. माझा मुलगा फिलिपिन्सला दावाओमध्ये डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लातूरला दोन वर्षं क्लास केले, नीटला थोडक्यात हुकला, मग अर्धं शेत गहाण टाकून पाठवलं. एकुलता एक आहे, वीस वर्षांचा.

महिन्याभरापासून त्याच्या बोलण्यात शेजारच्या दोन पोरांचा विषय सारखा यायलाय. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. एक अमेरिकेचा, एक तिथलाच. मॉर्मन धर्माचे प्रचारक म्हणे. हा त्यांच्यासोबत सोमवारी बास्केटबॉल खेळायलाय. परवा त्यांनी ह्याला एक जाड पुस्तक दिलं. ह्याच्या बाबांना मी अजून सांगितलं नाही.

ही पोरं दिवसभर करतात काय? त्यांना पैसा कोण देतं? आणि खरं विचारायचं ते हेच, की माझ्या लेकराला ते आपल्यात ओढतील का? कुणी तिथं राहून आलेलं असेल तर सांगा. झोप लागंना गेलीय.

अहमदपूरचा डॉक्टर

काकू, मी २०१५ ते २०२० दावाओलाच होतो. त्यातली शेवटची दोन वर्षं ही पोरं माझ्या भिंतीपलीकडे राहत होती. जरा लांबट लिहितो, पण सगळं वाचा.

ह्या प्रचाराच्या कामावर मुलांना अठरा पूर्ण झाली की जाता येतं, २०१२ च्या आधी एकोणीस पूर्ण लागायची. मुदत दोन वर्षं. मुली दीड वर्षासाठी जातात. देश आपण निवडायचा नाही. अर्ज करायचा, आणि अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला त्यांच्या चर्चचं मुख्यालय आहे, तिथून जे ठिकाण कळवतील तिथं जायचं. माझा शेजारी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांच्या घरी लसूणघास पिकवतात, जनावरांसाठी. हे कळलं त्या दिवशी आम्ही तासभर घासाच्या कापण्या आणि पाण्याच्या पाळ्या यावरच बोललो. पाटीवर ‘एल्डर’, आडनाव आणि खाली चर्चचं नाव असतं, पहिलं नाव नसतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. एकोणीस वर्षांच्या त्या पोराला सगळी गल्ली एल्डर म्हणायची, आणि त्याचं पाळण्यातलं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

साडेसहाला त्यांचा गजर व्हायचा आणि भिंतीतून मला ऐकू यायचा. त्यावरच मी उठायचो. मग गच्चीवर जोर-बैठका, अंघोळ, न्याहारी आणि अभ्यास: आधी एकेकट्याने, मग दोघांनी मिळून, मग भाषेचा. दावाओत बिसाया बोलतात. इकडे मी हाडांची नावं घोकायचो, पलीकडे तो क्रियापदं. दहाच्या सुमाराला छत्री घेऊन दोघं बाहेर पडायचे, पायी किंवा जीपनीने, म्हणजे तिथल्या वडापच्या लांब जीपने. रात्री नवाच्या आसपास परत यायचे आणि साडेदहाला दिवा बंद. मधला सगळा वेळ लोकांच्या दारात जायचा. कुणी बोलावलं तर बसून शिकवायचं, कुणाचं छप्पर दुरुस्त होत असेल तर पत्रे धरू लागायचं. बरीच दारं उघडायचीच नाहीत. संध्याकाळी बुटांवरची धूळ पाहिली की किती चालले ते कळायचं. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलींसोबत फिरणं नाही. आणि एकट्याने कुठेच जायचं नाही, जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात पाहिजे. ही जोडी काही आठवड्यांनी बदलते. फोन येतो, आणि एक जण दोन बॅगा घेऊन दुसऱ्या गावी जातो.

पहिल्या दिवशी मी त्यांना चहा केला. आलं घालून, आई करते तसा. दोघांनीही हात जोडून नको म्हटलं. आपल्याकडे दारात आलेला माणूस चहा नको म्हणाला तर कसं वाटतं तुम्हाला माहीत आहे. मला ते लागलंच. नंतर समजलं, १८३३ पासून त्यांच्यात आरोग्याचा नियम आहे: चहा, कॉफी, दारू, तंबाखू बंद. मग मी कलामान्सीचं सरबत करायला लागलो. कलामान्सी म्हणजे तिथलं बोराएवढं लिंबू. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ असायचं, भाकरी थापायचो. ठेचा खाताना युटाच्या पोराच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तो ताटातलं सगळं संपवायचा.

सोमवार त्यांचा सुट्टीचा. त्याला पी-डे म्हणतात, म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, घरी मेल लिहिणं. पांढऱ्या शर्टाची कॉलर त्या घामात पिवळी पडायची. आधी साबण लावून भिजत ठेवायची आणि मग ब्रश मारायचा, हे मी शिकवलं. मला आईने शिकवलेलं होतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये त्या युटाच्या पोराला डेंग्यू झाला. प्लेटलेट झपाट्याने उतरत होत्या. तिथल्या दवाखान्यात पेशंटजवळ एक माणूस लागतोच, त्याला बांताय म्हणतात, राखण करणारा. तेव्हाचा त्याचा जोडीदार फिलिपिन्समधल्याच इलोइलोकडचा, त्याच्याच वयाचा. तो पाच रात्री प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून झोपला. मी कॉलेज सुटलं की जायचो आणि रिपोर्ट समजावून सांगायचो. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो. त्या रात्री मीही तिथेच थांबलो. पहाटे त्याने मला विचारलं, तुझी आई तुला रोज फोन करते ना? हो म्हणालो. मग तो काही बोलला नाही. तेव्हा त्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मे महिन्यातल्या मातृदिनाला. एरवी आठवड्याला एक मेल.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला आणि दर आठवड्याला बोलायची परवानगी मिळाली. त्या सोमवारी तो जिन्यात बसून आईशी व्हिडिओवर बोलत होता. मी कपडे वाळत घालून खाली येत होतो. त्याने फोन माझ्याकडे वळवला आणि आईला सांगितलं, हाच तो भाकरीवाला. तिने इंग्रजीत विचारलं, तो नीट जेवतो का? काकू, हा प्रश्न मला रोज रात्री अहमदपूरहून यायचा.

पैशाचं म्हणाल तर पगार नसतो. स्वतः साठवलेले नाही तर घरचे पैसे भरतात, गरीब मुलांना चर्चची मदत होते. माझ्या शेजाऱ्याने तीन उन्हाळे घास कापून साठवले होते.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, ते धर्माबद्दल बोलतील. त्यासाठीच आलेत, आणि तसं ते उघड सांगतात. पुस्तक वाचायला सांगतील, प्रार्थना करायला सांगतील, रविवारी चर्चला बोलावतील, आणि तुमचा मुलगा ऐकत राहिला तर बाप्तिस्मा घे, म्हणजे पाण्याचा विधी करून आमच्या धर्मात ये, असंही सुचवतील. मला सुचवलं होतं. मी म्हणालो, माझ्या घरी पंढरीची वारी आहे, मी तिथलाच. त्याने मान डोलावली, विषय तिथेच थांबला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे जेवलो. पण सगळ्यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, एकट्या पडलेल्या पोराला तर फारच अवघड जातं. म्हणून मुलाशी आजच बोला. रागावून नको.

जालन्याचा दाजी

मी ख्रिस्ती आहे म्हणून एक भर घालतो. कॅथलिक काय किंवा आमच्यासारखे प्रोटेस्टंट काय, मॉर्मनांची शिकवण आम्ही आमची मानत नाही. बायबलसोबत ते मॉर्मनचं पुस्तक धर्मग्रंथ मानतात. जोसेफ स्मिथने अमेरिकेत १८३० मध्ये ते छापलं आणि त्याच वर्षी चर्च स्थापन केलं. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याबद्दलही त्यांचं म्हणणं वेगळं. ताईंच्या मुलाला हा फरक माहीत असावा. त्या पोरांना वाईट म्हणायचं म्हणून हे लिहीत नाही.

आमच्या जालन्याला मिशनरी नवे नाहीत. नारायण शेषाद्रींनी शहराजवळ बेथेल वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. पण ती माणसं इथेच राहिली, शाळा-दवाखाने उभे केले. दोन वर्षांत अठरा वर्षांचं पोर परक्या गावाला कितपत समजून घेणार, ही शंका माझ्या मनात आहे.

पैठणकर

माझ्या आईच्या काकांनी महानुभाव पंथात दीक्षा घेतली होती. भिक्षा मागायची, एका गावात मुक्काम वाढू द्यायचा नाही, ओळखीच्या माणसांत गुंतायचं नाही. डॉक्टरांनी लिहिलेली ती दोन बॅगांची बदली वाचून तेच आठवले. फरक हा की काका परत घरी आले नाहीत. आजी वारेपर्यंत वाट पाहत होती. ही पोरं परततात का? परत आल्यावर पुढे काय करतात?

अहमदपूरचा डॉक्टर

परततात. त्यांच्यात हा संन्यास नसतो. परत येऊन कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं करतात, आणि लग्न बहुधा लवकरच. मुलांनी जावं अशी अपेक्षा असते, मुलींना मर्जी.

जालन्याच्या दाजींची शंका मलाही होती, अजूनही पूर्ण गेलेली नाही. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चर्चने परदेशी पोरांना फिलिपिन्समधून काढून घेतलं, तेव्हाचं एक सांगतो. माझा एल्डर तोवर मुदत संपवून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या मुलाला दोन-चार दिवसांत निघावं लागलं. जाताना त्याने उरलेला तांदूळ, अंडी, गॅसची टाकी आमच्या दारात ठेवली. आम्ही सरकारने अडकलेल्यांना आणायला सोडलेल्या ‘वंदे भारत’ विमानाची वाट पाहत अडकलो, तेव्हा तो तांदूळ आम्ही चौघांनी मे महिन्यापर्यंत पुरवला. निघताना त्यानेही पुस्तक पुढे केलं होतं. मी पुन्हा नको म्हटलं, आणि त्याने पुन्हा मान डोलावली.

उदगीरची आई

डॉक्टर, दोनदा वाचलं. डेंग्यूचं वाचताना ह्याच्या बाबांनाही बोलावलं, म्हणजे आता त्यांना माहीत झालंय.

रात्री लेकराशी बोलले. म्हटलं, पुस्तक ठेव, वाचायचं तर वाच, पण बाप्तिस्मा वगैरे कशाला हो म्हणायच्या आधी घरी विचारायचं. तो म्हणाला, आई, मला ते बास्केटबॉलपुरतेच आवडतात. खरं खोटं देव जाणे, पण आवाजावरून खरं वाटलं. मग सांगायला लागला की अमेरिकेचं पोरगं मागच्या आठवड्यात पायाला फोड आले म्हणून लंगडत होतं, ह्याने पट्टी करून दिली.

पुढच्या महिन्यात लातूरचा एक मुलगा दावाओला जायलाय, त्याच्याजवळ डबा द्यायचाय. चहा चालत नाही ते कळलं. शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा चालेल ना? आणि तिखट किती टाकू?

अहमदपूरचा डॉक्टर

चालेल काकू. तिखट निम्मं टाका. लाडू जास्त द्या, जोडीदारही खाईल.