आमच्या खेळवेड्या आज्या : तुमच्याही आठवणी लिहा

आमची आजी यंदा पोळ्याच्या आधी गेली. नव्वदी ओलांडलेली, जन्माचं साल तिलाही ठाऊक नव्हतं. तेरवीला सगळे तिच्या उपासांबद्दल, हातच्या रोडग्यांबद्दल भरभरून बोलले. खेळाबद्दल कुणीच बोललं नाही, ते मला फार लागलं. आजी म्हटलं की मला तर आधी रेडिओच आठवतो. १९८३ च्या वर्ल्डकप फायनलला तिनं सेल सकाळपासून टिनावर उन्हात टाकले होते, रात्रीपर्यंत पुरावेत म्हणून. कपिलदेवनं मागे धावत रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच उठून शेजारच्या फाटकात गेली आणि ओरडली, "गेला ना बापा त्यो!" तव्यावरची भाकरी करपली. आबा काही बोलले नाहीत, तेही रेडिओलाच कान लावून बसले होते.

तुमच्या आजीचा खेळ कोणता? खेळलेली असो की नुसती पाहणारी, हात न आखडता लिहा.

धामणगाव रेल्वे तालुक्यातून :
आमची बुढी पटाची. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हीच तिची दिवाळी. जोडी दावणीला उभी असतानाच ती बैलाच्या खुराकडे, मग खांद्याकडे पाहायची आणि कोणती पुढे जाईल ते सांगून मोकळी व्हायची. धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारे लोक, तिला विचारायला यायचे. "ज्याले तुतारी लागते, तो पटाचा बैलच नाही," हे तिचं ठाम मत. बैलाला टोचायची ही टोकदार काठी आमच्या गोठ्यात कधी आलीच नाही. २०१४ ला कोर्टानं बंदी घातली, तरी तिनं जोडीची सरकी-ढेप कमी होऊ दिली नाही. बाबा म्हणायचे, धावायचंच नाही तर एवढा खर्च कशाला? ती ऐकायची नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंदी उठली तेव्हा तिला नीट चालता येत नव्हतं. पटाला आम्ही तिला खुर्चीसकट नेलं. तळेगावात बायकांचाही पट होतो. कासरा धरलेली पोरगी पाहिली की ती खुर्चीतून अर्धी उठायची.

अमरावतीजवळच्या खेड्यातून :
आजीचे थोरले भाऊ हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकायला होते. मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपले देशी खेळ करून दाखवले, ही गोष्ट आजीनं आम्हाला इतक्यांदा सांगितली की जणू ती स्वतः जाऊन आली होती. भाऊ सुटीत यायचे, तेव्हा तिनं अंगणात त्यांच्याकडून हुतुतू शिकून घेतला. लग्नानंतर खेळणं संपलं. मी शाळेच्या कबड्डी संघात गेले तेव्हा सत्तरीतल्या आजीनं लुगड्याचा काष्टा खोचला, अंगणात राखेनं रेघ मारली आणि मला म्हणाली, "पायाकडे नोको पाहू, कमरेकडे पाह्य. पाय फसवते." मी जिल्हा पातळीवर खेळले, ते त्या एका वाक्यावर.

सावनेरकडून :
थोडंच लिहितो. आजीच्या लेखी भारतीय संघात बॉलर एकच, उमेश यादव. खापरखेड्याकडचा, खाण कामगाराचा मुलगा, म्हणजे घरचाच. १ जानेवारी २०१८ ला विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. फायनलमध्ये विदर्भाचा बॉलर गुरबानी याची हॅटट्रिक झाली, ती आजीला बातम्यांत दाखवली. तिनं पुन्हा पुन्हा लावायला लावली. नातसुनेला म्हणाली, आज गोड कर.

हिंगणघाटजवळून :
आमच्या आजीला क्रिकेटचं काही नव्हतं. तिचा खेळ अष्टचंग. फोडलेले चिंचोके ओंजळीत खुळखुळवून ती असे टाकायची की हवं ते दान पडायचं. अंथरुणाला खिळल्यावरही उशाशी पट मांडून ठेवावा लागे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बटुमीत महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, तेव्हा मी तिला फोनवर फोटो दाखवला. एकोणीस वर्षांची पोर, समोर कोनेरू हंपी. आजीनं विचारलं, "हरली ते कोन व्हय?" मी सांगितलं, तीही भारताचीच. "मंग कायची हार!" म्हणाली, आणि दिव्या कोणत्या सोंगटीनं जिंकली ते विचारत बसली. मला धड सांगता येईना, म्हणून शेजारच्या शाळकरी पोराला बोलावलं. त्यानं तिला घोड्याची चाल समजावली. तिला ती पटकन कळली.

यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडून अजून कुणी लिहिलं नाही. आट्यापाट्या खेळलेल्या, डाबडुबलीसाठी झाडावर चढलेल्या आज्या तिकडे असणारच. ज्यांच्या आज्या अजून आहेत, त्यांनी आज संध्याकाळीच विचारून घ्या आणि इथं लिहा.