पानाच्या दोन अर्धांतील फरक हे झाडावरील ताणाचे लक्षण मानता येईल का?

प्रश्न:
वर्दळीच्या रस्त्यालगतची आणि रस्त्यापासून दूरची, अशी एकाच जातीच्या झाडांची पाने मी गोळा केली आहेत. मध्यशिरेपासून दोन्ही कडांपर्यंतची रुंदी मोजली असता रस्त्यालगतच्या पानांत डाव्या-उजव्या अर्धांतील फरक थोडा अधिक आढळतो. प्रदूषणामुळे पानांची वाढ बिघडली, असे यावरून म्हणता येईल का?

प्रतिसाद १:
एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पानाच्या दोन्ही अर्धांत जनुके तीच असतात आणि परिस्थितीही जवळजवळ तीच असते. त्यामुळे ते असमान वाढले, तर पेशींच्या वाढीतील बारीकसारीक चुका सावरण्याची झाडाची क्षमता कमी पडली, असा तर्क केला जातो. मात्र तो एकाच प्रकारच्या असममितीला, म्हणजे दोन बाजूंतील असमानतेला, लागू पडतो. उत्क्रांतिशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हॅलेन यांनी १९६२ मध्ये असममितीचे तीन प्रकार वेगळे केले. एकात ठरावीक बाजूच मोठी असते. दुसऱ्यात एक बाजू निश्चितच मोठी असते, पण ती कोणती हे ठरलेले नसते. तिसऱ्यात फरक लहान आणि दिशाहीन असतो. ताणाशी संबंध जोडायचा तो या तिसऱ्याचा. बिगोनियाचे पान किंवा कडुनिंबाची पर्णिका मुळातच तिरकी असते, तिला आजारी कोण म्हणेल? टोमॅटोतही पाने खोडावर ज्या दिशेने सर्पिल मांडणीत उगवतात, तिच्याशी पानाचा कल जोडलेला आढळला असून त्यामागे ऑक्झिन या संप्रेरकाचे असमान वाटप असल्याचे मानले जाते.

म्हणून उजवी वजा डावी हा फरक चिन्हासकट लिहून ठेवा आणि त्याचा आलेख काढा. सरासरी शून्याजवळ आणि शिखर एकच असेल, म्हणजे फरक तिसऱ्या प्रकारचा दिसत असेल, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण मोजमापाची आहे. समजा, डावा अर्ध २०.४ मिमी आणि उजवा १९.६ मिमी भरला, फरक ०.८ मिमी, म्हणजे सरासरी रुंदीच्या ४ टक्के. मध्यशीर स्वतःच जाड असते, त्यामुळे तिच्या नेमक्या कोणत्या रेषेपासून मोजायचे यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर एक अर्ध तेवढाच वाढतो, दुसरा तेवढाच घटतो आणि फरकात १ मिमीची भर पडते. प्रत्येक पान किमान दोनदा, पहिले आकडे समोर न ठेवता मोजावे, आणि पान कोणत्या जागेचे आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पाने मी एकदाच मोजली आहेत आणि फरकाचे चिन्हही नोंदवलेले नाही. वाळवून ठेवलेली तीच पाने पुन्हा मोजली तर चालतील का?

प्रतिसाद २:
सपाट दाबून वाळवली असतील तर चालतील. सुरकुतलेली पाने मात्र वगळा, कारण सुकताना दोन्ही अर्ध सारखेच आकसतात असे नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणची अनेक झाडे हवीत. एकाच झाडाची शंभर पाने घेतली तरी त्यातून त्या एका झाडाचीच माहिती मिळते.