मदत हवी आहे: सागाच्या फळ्यांचा रंग जुळत नाही

जळगावच्या वखारीतून डायनिंग टेबलच्या टॉपसाठी सागाच्या सहा फळ्या घेतल्या आहेत. प्रत्येकी 6 फूट लांब, 6 इंच रुंद, 1 इंच जाड. रंधा मारल्यावर तीन सोनेरी निघाल्या, दोन हिरवट-तपकिरी आणि काळ्या रेघांच्या. सहावीच्या एका कडेला दीड इंच पांढरट पट्टा आहे, म्हणजे गाभ्याबाहेरचं कच्चं लाकूड.

हिरवटपणाची चिंता नाही, ताजा साग उजेडात सोनेरी होतो. एका फळीवर अर्ध्या भागाला पुठ्ठा लावून दोन दिवस उन्हात ठेवली, तर उघडा भाग स्पष्ट उजळला. पण खान्देशातलं मे महिन्याचं ऊन! एकाच बाजूने तापून फळी वाकली तर? रोज पलटून सावलीच्या उजेडातच ठेवावी का, आणि किती दिवस?

खरी अडचण पांढऱ्या पट्ट्याची. तो उन्हाने गाभ्यासारखा होणार नाही, शिवाय कीडही आधी तिथेच लागते. कापला तर टॉपची रुंदी 36 वरून साडेचौतीस इंचांवर येते. ठेवला तर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यानंतर फक्त पट्ट्यावर स्टेनर (लाकडाला रंग देणारं द्रावण) फिरवायचा विचार आहे, पण गाभ्याशी सांध्यावर गडद रेघ उठते. आधी लाखेचा पातळ हात दिला तर थांबेल का? वरून मेलामाइन (पारदर्शक पॉलिश) मारायचं आहे.