गहू बंद असताना टीटीजी (अँटीबॉडीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली, मग सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं तो आजार) नाही असं धरायचं का?

लालबागची_चक्की: वय 29, बाई. हिमोग्लोबिन 8.5, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) 6. आयर्नच्या गोळ्या चार महिने नेमाने घेतल्या, आकडा हलत नाही. जुलाब नाहीत, वजन ठीक. कुणीतरी सुचवलं म्हणून तीन महिने पोळी-पाव बंद, फक्त भाकरी. आता टीटीजी निगेटिव्ह. मुंबईत हा आजार नसतोच म्हणतात, खरं का?

आतडेपुराण: तपासणी चुकीच्या वेळी झाली. ग्लूटेन थांबलं की अँटीबॉडी उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. आधी एचएलए डीक्यू2/डीक्यू8 ही जीनची तपासणी करा. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद, गहू परत खायची कटकट वाचली. असतील तर डॉक्टरांना विचारून रोज दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे. मग टीटीजी-आयजीए (आयजीए हा अँटीबॉडीचा एक प्रकार) आणि सोबत टोटल आयजीए. हे दुसरं आवर्जून लिहून घ्या. सिलिअ‍ॅकच्या शंभरात दोन-तीन जणांत आयजीए बनतच नाही, त्यांची टीटीजी-आयजीए निगेटिव्हच येणार.

भातखाऊ: "नसतोच" कसा? जगात साधारण शंभरात एक. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या पाहणीत सिलिअ‍ॅकच्या अँटीबॉडी उत्तरेत 1.23 टक्के लोकांत सापडल्या, दक्षिणेत 0.10. जीन दोन्हीकडे जवळपास सारखेच, फरक ताटात: उत्तरेत दिवसाला 455 ग्रॅम गहू, दक्षिणेत 25. मुंबई त्या पाहणीत नव्हती, पण सकाळी पाव, डब्यात पोळी, चहाबरोबर खारी, म्हणजे ताट कुठल्या बाजूला झुकतंय ते बघा. जुलाब नाहीत म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि "बायकांना अ‍ॅनिमिया असतोच" म्हणून आणखी एक आयर्नची पट्टी लिहून मिळते.

आतडेपुराण: गोळ्या का लागू पडत नाहीत तेही सांगतो. लोह मुख्यतः ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) शोषलं जातं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये झीज तिथेच. स्कोपी (दुर्बिणीची तपासणी) ठरली तर ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून बायोप्सीचे किमान चार तुकडे, बल्बमधून (त्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून) एक-दोन, असं आधीच बोलून ठेवा. विकृती सलग नसते, एकाच तुकड्यात हुकते. स्कोपीपर्यंत गहू चालूच ठेवायचा.

बिनगव्हाची_बाई: भाकरीवर फार विसंबू नका. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की जात्यात अडकलेलं पीठ त्यात उतरतं. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, घटक वाचा. भाजणीत गहू आहे का तेही विचारा. त्या तीन महिन्यांची ज्वारी कुठे दळली होती?