पाळी जायच्या वेळी नेमकं कुठल्या डॉक्टरकडे जायचं? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, वय ४७, सातारा. गेलं वर्षभर पाळीचा काही नेम नाही, कधी दोन-दोन महिने गायब आणि आली की आठ-नऊ दिवस थांबायचं नाव नाही. रात्री अडीचला अंगातून वाफा निघतात, मी पंखा पाचवर करते आणि नवरा शेजारी गोधडीत गुरफटलेला. मधे धडधड व्हायला लागली म्हणून घाबरून हार्टवाल्यांकडे गेले, ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. सकाळी बोटं आखडतात म्हणून हाडांचे डॉक्टर झाले, झोपेसाठी फॅमिली डॉक्टरांनी गोळी दिली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगते. हे सगळं एकाच कारणाने असू शकतं हे एकानेही सांगितलं नाही, शाळेतल्या मैत्रिणीने सांगितलं!

मग एका गायनॅककडे गेले. सोनोग्राफीत पिशवीत २ सेंमीचा फायब्रॉइड (साधी गाठ) दिसला, आणि पाच मिनिटांत "पिशवी काढून टाका, नाहीतरी आता काय उपयोग तिचा". हॉर्मोनच्या गोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या कॅन्सर होतो, की लगेच पुढचा पेशंट. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या वाचताना वाटलं होतं हे आपल्या बाबतीत नाही होणार, आपण शिकलेल्या वगैरे.

तर दुसरी गायनॅक शोधू की एंडोक्रायनोलॉजिस्ट (हॉर्मोनचे डॉक्टर)? चांगला डॉक्टर ओळखायचा कसा? सख्ख्या मावशीला ५२ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, मग हॉर्मोनचा विषय माझ्यासाठी बंदच का? पुण्याला यायची तयारी आहे, नावं व्यनि केलीत तरी चालेल.

प्रतिसाद १
अगं यातूनच गेलेय. गायनॅकच, पण मेनोपॉजचे पेशंट नेहमी बघणारी. थायरॉइड-शुगरचा गुंता असेल किंवा पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल तर एंडोक्रायनोलॉजिस्टचीही मदत लागते. अपॉइंटमेंट घेतानाच विचार, "डॉक्टर एचआरटी देतात का?" (म्हणजे पाळी जातानाचे हॉर्मोनचे उपचार). माझ्या डॉक्टरने आधी बीपी घेतलं, मायग्रेन, रक्ताच्या गुठळ्या, घरचे आजार सगळं विचारलं, मॅमोग्राफी करायला लावली, मगच औषधाचं बोलली. पंचेचाळिशीनंतर फक्त निदानासाठी एफएसएच (हॉर्मोनची रक्ततपासणी) सहसा लागत नाही, ते या काळात वरखाली होतंच. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन मात्र कर, त्यात बिघाड असेल तर धडधड त्यानेही होते.

प्रतिसाद २
हॉर्मोनने कॅन्सर होतो ही भीती पसरली ती २००२ च्या अमेरिकन अभ्यासामुळे, त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर हिशोब वेगळा असतो. धोका शून्य नाही, पण एकट्या मावशीमुळे दार बंद होत नाही, डॉक्टरला सांग मात्र नक्की. पिशवीचं म्हणशील तर आधी विचार अस्तर किती जाड आहे, बायोप्सी लागेल का, हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू (मिरेना) बसवून रक्तस्राव कमी होईल का. छोटे फायब्रॉइड पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी दिसलं तरी थांबू नकोस, लगेच दाखव.

धागाकर्ती
खूप आभार गं. टीएसएच, हिमोग्लोबिन उद्याच करते. आत्ता तीन ठिकाणी फोन केले. एका रिसेप्शनिस्टने विचारलं, "मेनोपॉज म्हणजे कितवा महिना?" ते नाव खोडलं. दुसरीने जुने रिपोर्ट घेऊन या, अर्धा तास लागेल म्हटलं, तिथे शुक्रवारची वेळ घेतलीय.